दर्यातून तालीम

कोकणपट्टीतील आपल्या गावांतून कधी फिरून पाहा. बाणकोट असो, हर्णै असो, दाभोळ असो की श्रीवर्धन. जुन्या घराच्या माळ्यावर पुष्कळदा एखादी पत्र्याची पेटी दिसते. तिच्यात एखाद्या जहाजाचा धूसर फोटो असतो, परदेशी बंदरातून आणलेली कपबशी असते आणि पिवळी पडलेली ‘नली’ असते. आजच्या विद्यार्थ्यांना हा शब्द ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. नली म्हणजे खलाशाच्या नोकरीचे नोंदपुस्तक. कोणत्या जहाजावर तो कधी चढला, कोठे उतरला, त्याचे काम आणि वर्तणूक कशी होती, हे सारे तिच्यात लिहिलेले असे. ती नली हीच त्याची पदवी आणि हेच त्याचे प्रगतिपुस्तक होते.

त्या पेटीच्या धन्याने आपल्या मुलांना एक गोष्ट बहुधा पुनःपुन्हा बजावली असेल: “मी दर्यावर गेलो, तो तुम्हांला जावे लागू नये म्हणून.” या वाक्यात केवढे कष्ट आणि केवढे प्रेम भरले आहे, हे आपण सारे जाणतो. त्या कष्टांतूनच आपल्या गावांतल्या कितीतरी शाळांच्या भिंती उभ्या राहिल्या. तेव्हा या वाक्याचा अनादर करण्याचा माझा हेतू मुळीच नाही.

परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, समुद्राच्या काठी राहणारी आपली मुले समुद्राला पारखी झाली. लाटांचा आवाज ऐकत ती झोपतात, पण आज भरती किती वाजता आहे असे विचारले तर उत्तर देता येत नाही. पोहणे अनेकांना येत नाही. भूगोलाच्या पुस्तकातील आकृती पाठ असते आणि खिडकीबाहेरचा समुद्र मात्र अनोळखी असतो. समुद्रावर नोकरी करणे ही एक गोष्ट आणि समुद्राकडून शिकणे ही दुसरी. या दोहोंतला फरक जगातील काही शिक्षकांनी ओळखला आणि त्यातून शिक्षणाचा एक निराळा मार्ग निघाला. त्या मार्गाचा इतिहास आज आपणांपुढे ठेवावा असे मनात आहे. त्यात आपल्या लोकांचाही वाटा आहे. तो कसा, हे ओघाने येईलच.

जहाज हीच शाळा

समुद्रावरची विद्या फार जुन्या काळापासून हाताने आणि डोळ्याने शिकली जात आली. पंधराव्या शतकातील थोर अरब नाखुदा अहमद इब्न माजिद याने हिंदी महासागरातील वाटा, तारे, वारे आणि बंदरे यांवर ग्रंथ लिहिले. त्यांतील बरेचसे पद्यात आहेत. कारण जे पद्यात असते ते ध्यानात राहते. मात्र इतके लिहूनही त्याने खरा मान दिला तो तजुर्ब्याला, म्हणजे स्वतः घेतलेल्या अनुभवाला. ऐकीव माहितीवर जहाज हाकणारा माणूस त्याला पसंत नव्हता.

आपल्या खलाशांची शाळाही अशीच होती. पुढे आगबोटी आल्या आणि ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर हिंदी खलाशी हजारोंनी चढू लागले. त्यांत कोकणी होते, गोव्याचे होते, गुजरातचे, पंजाबचे आणि बंगालचे होते. पोरगा पहिल्यांदा जहाजावर येई तेव्हा त्याच्या हाती झाडू आणि बादली मिळे, नाहीतर तो भंडाऱ्याच्या हाताखाली भांडी घाशी. हळूहळू तो खलाशी होई, सुकाणू धरणारा सुखाणी होई, नशिबाने साथ दिली तर टंडेल आणि अखेरीस सारंग. अक्षरओळख नसलेले कितीतरी सारंग दोरखंडाची गाठ, ढगाचा रंग आणि माणसाचा स्वभाव एका नजरेत ओळखत. त्यांच्या या ज्ञानाला कोणी विद्या म्हटले नाही आणि पगारही गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५०,००० हिंदी खलाशी होते. एकूण खलाशांचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होय. अधिकाऱ्याची टोपी मात्र त्यांच्यासाठी नव्हती.

ती टोपी हिंदी मुलांच्या डोक्यावर यावी म्हणून १९२७ साली मुंबईत एक मोठी सोय झाली. ‘डफरिन’ हे १९०४ साली बांधलेले जुने सैनिकवाहू जहाज माझगावसमोर नांगरून त्यावर प्रशिक्षण सुरू झाले. तेथे मुलांना जहाजाचे अधिकारी होण्याचे शिक्षण मिळू लागले. १९७२ पर्यंत ‘डफरिन’ने हे काम केले आणि मग ‘राजेंद्र’ने ते पुढे चालवले. स्वतंत्र भारताच्या व्यापारी नौकानयनाला लागणारे कितीतरी कप्तान या जहाजाने दिले. हे शिक्षण मोलाचे होते यात शंका नाही. पण त्याचा उद्देश उघड होता. समुद्रावर नोकरी करणारा माणूस त्यातून घडवायचा होता. ज्याला शिक्षक व्हायचे आहे, डॉक्टर व्हायचे आहे किंवा दुकान चालवायचे आहे, त्याला समुद्राने काय शिकवावे, हा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. तो उद्भवला युद्धाच्या धामधुमीत आणि फार दूरच्या किनाऱ्यावर.

बारा नंबरची होडी

१९४० चा सप्टेंबर महिना. लंडनवर बॉम्ब पडत होते. इंग्लंडमधील मुलांना सुरक्षित स्थळी पाठवावे म्हणून ९० मुले ‘सिटी ऑफ बनारस’ या जहाजातून कॅनडाला निघाली होती. जहाजाचे नाव आपल्याकडचे आणि त्यावरचे बहुसंख्य खलाशीही आपल्याकडचे. १७ सप्टेंबरच्या रात्री ऐन अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडवले. वारा घोंगावत होता आणि पाणी बर्फासारखे गार होते. अनेक होड्या उलटल्या. ज्या उलटल्या नाहीत त्यांत माणसे थंडीने गारठून मेली. त्या ९० मुलांपैकी ७७ दगावली. अंगावर सुती कपडे असलेले हिंदी खलाशीही मोठ्या संख्येने प्राणास मुकले.

बारा नंबरची होडी मात्र तगली. तिच्यात ४६ माणसे होती. त्यांतले ३२ हिंदी खलाशी, सहा मुलगे आणि मेरी कॉर्निश नावाच्या एक संगीत शिक्षिका. आठ दिवस ही होडी समुद्रावर होती. होडीवरच्या अधिकाऱ्याने पहिल्या दिवसापासून पाण्याचा घोट मोजून दिला. बाईंनी मुलांचे गारठलेले पाय चोळले आणि रोज गोष्ट सांगितली. ती अशा ठिकाणी थांबवीत की पुढचा भाग ऐकण्यासाठी मुलांनी दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरावा. २५ सप्टेंबरला एका विमानाने होडी पाहिली आणि ब्रिटिश आरमाराच्या जहाजाने तिच्यातल्या लोकांना वर घेतले. सहाही मुलगे जिवंत होते.

वाचकहो, या होडीत ताकदवान पुरुष पुष्कळ असतील. पण तिला तारले ते ताकदीने नव्हे. मोजून पाणी देणाऱ्याची शिस्त, एकमेकांना चिकटून बसलेल्या खलाशांची सोशिकता आणि गोष्ट सांगणाऱ्या शिक्षिकेची माया, यांवर ती तरली. हे गुण कोणत्या वर्गात शिकवतात? कोणत्या परीक्षेत त्यांना गुण मिळतात? अशा प्रसंगांतून हाच प्रश्न त्या वेळी काही विचारी लोकांना सतावू लागला होता. त्यांपैकी दोघांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

एक शिक्षक आणि एक जहाजमालक

पहिला कुर्ट हान. १८८६ साली बर्लिन शहरात एका ज्यू घराण्यात त्याचा जन्म झाला. १९२० साली दक्षिण जर्मनीत झालेम येथे शाळा स्थापण्यात त्याचा मोठा वाटा होता. शाळेने केवळ हुशार मुले तयार करू नयेत, भली माणसे तयार करावीत, हा त्याचा ध्यास. १९३२ साली हिटलरने खुनी अनुयायांची उघड पाठराखण केली तेव्हा हानने आपल्या माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहिली आणि झालेम की हिटलर, यांपैकी एकाची निवड करा असे कळवले. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि हान तुरुंगात गेला. ब्रिटनमधील मित्रांच्या खटपटीने तो सुटला व १९३३ साली, वयाच्या ४७व्या वर्षी, परक्या देशात निर्वासित म्हणून आला. १९३४ मध्ये त्याने स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ गॉर्डन्स्टन येथे नवी शाळा काढली.

ही शाळा समुद्राजवळ होती आणि हानने त्या जवळिकीचा पुरेपूर उपयोग केला. मुले जवळच्या होपमन बंदरात नौकानयन शिकत. पुढे किनाऱ्यावर पाळीपाळीने पहारा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. वादळी रात्री कोणते जहाज संकटात आहे का, हे पाहणारा डोळा एखाद्या शाळकरी मुलाचा असे. माझ्या जागे राहण्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, ही जाणीव मुलाला जितकी शहाणी करते तितके कोणतेही व्याख्यान करीत नाही, असे हानचे मत होते. आधुनिक जीवनाने तरुणांची अंगमेहनत, पुढाकार, कामातील काळजी, आत्मसंयम आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याविषयीची कणव कमी होत चालली आहे, असे तो सांगे. त्यावर समुद्र आणि डोंगर ही त्याची औषधे होती.

दुसरा लॉरेन्स होल्ट. लिव्हरपूलच्या प्रसिद्ध ‘ब्लू फनेल’ जहाज कंपनीचा हा एक मालक. युद्धात त्याची जहाजे बुडत होती आणि जीवरक्षक होड्यांतून वाचलेल्यांच्या हकिकती त्याच्या कानी येत होत्या. त्याला असे वाटू लागले की, शिडाच्या जहाजांवर वाढलेले वयस्क खलाशी तग धरतात आणि अंगाने धडधाकट असलेले तरुण लवकर हिंमत सोडतात. हा एका जहाजमालकाचा अनुभव होता. कोणी मोजदाद करून काढलेला सिद्धांत नव्हे. परंतु त्याला जी चिंता लागली ती खरी होती. वाऱ्याशी आणि लाटेशी प्रत्यक्ष झुंजल्याने जो भरवसा अंगी येतो, तो यंत्रावर चालणाऱ्या जहाजातील मुलांना मिळाला नाही, असे त्याचे निदान होते.

निर्वासित शिक्षक आणि चिंतातुर जहाजमालक एकत्र आले आणि १९४१ च्या ऑक्टोबरात वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडव्ही या लहानशा गावी एक सागरी शाळा सुरू झाली. तिला होल्टने नाव दिले ‘आउटवर्ड बाउंड’. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजाला दर्यावर्दी लोक हे शब्द वापरतात. शाळा सोडून आयुष्याकडे निघालेल्या मुलाला यापेक्षा चपखल नाव कोणते?

शाळेचा हेतू सांगताना होल्टने जो विचार मांडला, तोच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. समुद्रासाठी मुले तयार करण्यापेक्षा समुद्राच्या द्वारे मुले तयार करावीत आणि त्याचा लाभ प्रत्येक धंद्यातल्या माणसाला व्हावा, असा त्याचा आशय होता. जहाजांच्या मालकाने हे म्हणावे ही मोठीच गोष्ट. त्याला आयते खलाशी हवे असते तर तो एवढ्यावर थांबला नसता का? पण त्याला त्यापलीकडचे दिसले.

ॲबरडव्हीचा महिना

या शाळेत मुले वर्षानुवर्षे राहत नसत. एक वर्ग साधारण महिनाभराचा. त्यात जहाजांवरचे उमेदवार असत, कारखान्यांतली शिकाऊ पोरे असत, पोलीस आणि अग्निशामक दलातली असत आणि नामांकित शाळांतली श्रीमंतांची मुलेही असत. सर्वांना एकाच तुकडीत एकच वल्हे ओढायचे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये, जेथे बोलण्याच्या ढबीवरून माणसाची पायरी ठरे, तेथे ही गोष्ट साधी नव्हती.

पहाटे उठून धावणे आणि थंड पाण्याची अंघोळ. महिनाभर धूम्रपान आणि मद्य वर्ज्य, तेही मुलाने स्वतः दिलेल्या शब्दावर. मग खाडीच्या मुखाशी होड्यांतून वल्ही मारणे, शिडे चढवणे, गाठी मारणे, नकाशा आणि होकायंत्र वाचणे, बुडणाऱ्याला वाचवणे, प्रथमोपचार. धावणे-उडी मारणे यांत दुसऱ्याला हरवण्यापेक्षा आपलाच कालचा आकडा मागे टाकण्यावर भर असे. शेवटी शिक्षण-गलबतातून कार्डिगन उपसागरात सफर आणि वेल्सच्या डोंगरांतून लांब पल्ल्याची पायपीट. एखादा मुलगा भित्रा असला तरी त्याची थट्टा करायची नाही; त्याच्या हाती दोरीचे टोक द्यायचे आणि ते धरून ठेवण्याचे काम सांगायचे. कोणाचे तरी आपल्यावर अवलंबून आहे हे कळले की भीती मागे सरते.

युद्ध संपले, तरी ही कल्पना संपली नाही. १९४६ साली तिच्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. पुढे डोंगरातील शाळा निघाल्या, इतर देशांत शाळा निघाल्या. आज ती तीसहून अधिक देशांत पसरली आहे आणि ॲबरडव्हीची शाळाही चालू आहे.

आपल्या परिचयाच्या किनाऱ्यांपर्यंत ती कशी पोहोचली, हेही पाहण्यासारखे आहे. १९५४ मध्ये मलायात, आजच्या मलेशियातील पेराक राज्यात, लुमुत येथे समुद्रकाठी अशी शाळा निघाली. मलायी, चिनी आणि हिंदी वंशाची तरुण मंडळी तेथे एका होडीत बसू लागली. दुसरी हकिकत उमानची. १९७१ साली स्कॉटलंडमध्ये ‘कॅप्टन स्कॉट’ नावाचे तीन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज हानच्याच विचारधारेतून तरुणांच्या शिक्षणासाठी बांधले गेले. १९७७ मध्ये ते उमानच्या सुलतानांनी घेतले आणि त्याचे नाव झाले ‘शबाब उमान’, म्हणजे उमानचे तारुण्य. ज्या मस्कतहून शतकानुशतके शिडाची गलबते मोसमी वाऱ्यावर आपल्या कोकण-मलबारच्या बंदरांत येत, त्याच मस्कतची मुले आगबोटींच्या आणि विमानांच्या काळात पुन्हा शीड चढवायला शिकली. तेलाचे धन हाती आलेल्या देशाने हे करावे, यात गरिबीची सक्ती नव्हती. आपला वारसा हा शिक्षणाचा भाग आहे, अशी ती समजूत होती.

दोन किनारे, दोन शोक

येथपर्यंत वाचून एखादी आई म्हणेल, “हे सारे ठीक आहे, पण माझे मूल मी समुद्रावर पाठवणार नाही.” त्या आईचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणून या इतिहासाची दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे.

२२ मार्च १९९३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरात आठ शाळकरी मुले, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक छोट्या वल्ह्याच्या नावांतून निघाले. अंतर थोडे होते. परंतु वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. अशा वाऱ्यात किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसते आणि जसजसे आत जावे तसतशी लाट वाढते. नावा आत ओढल्या गेल्या, उलटल्या. प्रशिक्षकांचा अनुभव अपुरा होता, जवळ संदेश देण्याचे साधन नव्हते आणि मदतीची हाक उशिरा गेली. चार मुले मरण पावली. त्या केंद्रातील सुरक्षिततेबद्दल नोकरी सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी काही महिने आधीच लेखी इशारा दिला होता, हेही चौकशीत उघड झाले. केंद्र चालवणारी कंपनी आणि तिचा चालक दोघेही न्यायालयात दोषी ठरले. मृत मुलांच्या आईवडिलांनी आणि शाळेने शोक गिळून पाठपुरावा केला आणि १९९५ साली ब्रिटनच्या संसदेने कायदा केला. मुलांना पैसे घेऊन अशा धाडसाच्या उपक्रमांवर नेणाऱ्या केंद्राला तपासणी आणि परवाना बंधनकारक झाला. समुद्र बंद केला नाही. बेपर्वाई बंद केली.

दुसरा किनारा आपला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती मुले आपल्यासारख्याच घरांतली होती. त्या दिवशी जंजिऱ्याच्या परिसरात स्थानिक कोळी बांधवांपासून तटरक्षक दलापर्यंत सारे शोधासाठी धावले. त्या आईवडिलांच्या दुःखावर शब्दांनी फुंकर घालता येत नाही. मी तसा प्रयत्नही करणार नाही. पण एक प्रश्न प्रत्येक शिक्षणसंस्थेने स्वतःला विचारायलाच हवा. शहरातील मुलांना समुद्राचे आकर्षण असते. ते पाण्यात उतरणारच. त्याआधी त्यांना समुद्र कोणी शिकवलेला असतो काय?

सहल आणि तालीम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहलीत मौज हा हेतू असतो आणि समुद्र हे तिचे ठिकाण असते. तालमीत समुद्र हाच उस्ताद असतो. मग त्याचा स्वभाव आधी सांगितला जातो, त्याच्या वेळा पाहिल्या जातात, अंगावर तरंगजाकीट चढते, मोजकी मुले आणि पुरेसे जाणकार एकत्र उतरतात आणि वारा फिरला तर बेत रद्द होतो. समुद्राचे भय घालून मूल सुरक्षित होत नाही. भयाने ते घरी थांबते इतकेच. ज्या दिवशी ते एकटे बाहेर पडेल त्या दिवशी त्याच्याजवळ ना भय उरते, ना ज्ञान.

आपण काय करू शकतो?

आपल्या शाळांना ॲबरडव्हीसारखे गलबत घेणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. सुरुवात विनाखर्च होऊ शकते.

पहिला धडा चंद्राचा. आपल्या घरांतून चाँद पाहण्याची परंपरा आहे. मग मुलांना हेही सांगावे की, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. आणि अष्टमीच्या सुमारास पाणी थोडेच चढते-उतरते, त्याला कोळी बांधव भांग म्हणतात. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. एका मुलाने महिनाभर ही वेळ वहीत लिहिली, तर गणित, भूगोल आणि निरीक्षण असे तीन विषय त्या वहीत येतील. पाण्यात एक पाऊलही न टाकता!

दुसरा धडा ओहोटीचा. पाणी उतरले की खडकांच्या खळग्यांत शंख, खेकडे, समुद्रफुले यांची एक दुनिया उघडी पडते. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाची मंडळी लोकांना अशा फेऱ्यांवर नेत आली आहेत. हाजी अलीजवळच्या खडकांवरही हे जीव पाहता येतात. दर्ग्याच्या वाटेवरून आपण कितीदा गेलो असू, पण त्या खडकांकडे वाकून पाहिले आहे का? बाणकोटजवळच्या वेळास गावी २००२ पासून समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण चालू आहे. आपल्या शाळांतली मुले ती पिल्ले समुद्राकडे धावताना पाहण्यास सहज जाऊ शकतात.

तिसरा धडा पोहण्याचा. तो समुद्रात देऊ नये. तलावात किंवा पोहण्याच्या हौदात, जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली द्यावा. आणि तो मुलींनाही द्यावा. सोयीची वेळ आणि स्त्री-शिक्षिका यांची व्यवस्था करणे संस्थेला अवघड नाही. १० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २५४ दिवसांनी परतल्या. जेथे सहा जणी जगाला वळसा घालतात, तेथे आपल्या मुलीने हौदाचा पल्ला गाठू नये काय?

चौथा धडा बुजुर्गांचा आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा. आपल्या गावांत अजून काही निवृत्त खलाशी, सारंग, इंजिनवाले, नाखवा आहेत. त्यांना वर्षातून एक दिवस शाळेत बोलवा. खुर्चीवर बसवून सत्कार करून घरी पाठवू नका. त्यांच्या हाती दोर द्या आणि मुलांना गाठी शिकवू द्या. वाऱ्याची नावे, ढगांच्या खुणा, परक्या बंदरात आजारी पडलेल्या सोबत्याची केलेली सेवा, हे सारे त्यांना सांगू द्या. ज्या माणसाला आयुष्यभर वाटले की आपण अडाणी, त्याला नातवंडांच्या शाळेत उस्ताद म्हणून उभे राहता येईल. हानला आपल्या शाळेसाठी असे उस्ताद शोधावे लागले. आपल्याकडे ते शेजारच्या ओट्यावर बसलेले असतात.

अखेरची विनंती

मुंबईत मस्जिद बंदर भागात खलाशांचे वसतिगृह आहे. दोन्ही महायुद्धांत समुद्रावर मरण पावलेल्या हिंदी खलाशांची स्मृती तेथे जपली आहे. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांनी प्राण गमावले, असे मानले जाते. त्यांची कबर नाही, दफन नाही. समुद्रानेच त्यांना पोटात घेतले. इंग्रज मुलांच्या धैर्यासाठी ज्या युद्धात शाळा निघाली, त्याच युद्धात हे आपले लोक कोणत्याही शाळेचा दाखला नसताना होड्यांतून थंडीशी झुंजत होते. त्यांच्यासाठी कोणी ॲबरडव्ही उभारली नाही.

पालकहो, मुंबईस आलात तर मुलांना घेऊन त्या भागात एकदा जरूर जा. आणि घरी परतल्यावर माळ्यावरची ती पेटी खाली काढा. नलीची पाने उघडून जहाजांची आणि बंदरांची नावे मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. नकाशावर ती शोधू द्या. आपल्या आजोबांनी तुम्हांला दर्यावरच्या नोकरीतून सोडवले, ते त्यांचे उपकार आहेत. दर्याच्या विद्येपासून दूर राहा असे त्यांनी सांगितले नव्हते. ती विद्या नातवंडांपर्यंत पोहोचवणे आता आपल्या हाती आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, आज भरती किती वाजता आहे, याचे उत्तर उद्या तुमच्या शिक्षकांना तुम्हीच सांगा.